आई, यंदा अंगठा देऊ नकोस

पंचवटी, नाशिक

ती. आई-बाबांना नमस्कार.

आवणी उरकली का? पत्र वाचायला दादाच्या पोरीला बसवा, दादाला नको. तो मधली वाक्यं गाळतो.

रविवारी माझ्या खोलीवर वसतिगृहातल्या पाच-सहा पोरी येतात, पेठच्या, सुरगाण्याच्या, एक हरसूलकडची. अर्ज, जात पडताळणीचे कागद, ते चालतंच. परवा मात्र आम्ही खोटी ग्रामसभा भरवली. सरपंच झालेली पोर उठली आणि नवरा झालेल्या पोरीच्या तोंडाकडेच बघत राहिली! हसून पुरेवाट झाली. मग सगळ्याच गप्प, कारण प्रत्येकीच्या गावात तेच. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, पण खुर्चीत बाई आणि बोलणारा नवरा.

एकीने विचारलं, “ताई, तुला कोणी धीट केलं?” मी तुझं नाव घेतलं. 2018 चा मोर्चा सांगितला. वनहक्काच्या जमिनीसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत 180 किलोमीटर पायी. दहावीच्या पोरांना पेपरला जाताना अडचण नको म्हणून शेवटच्या रात्री तुम्ही झोप सोडून सायनहून आझाद मैदानाकडे निघालात. मीही त्याच साली दहावीला. तू परत आलीस तेव्हा टाचांची सालटी निघालेली, आणि विचारलंस काय तर, “पेपर कसे गेले?”

पोरी ऐकत होत्या. मग हरसूलची म्हणाली, “आता ती ग्रामसभेत काय बोलते?”

आई, मला उत्तर देता आलं नाही. तू फडकी ओढून मागे बसतेस, हे कसं सांगू?

15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. आपल्याकडे ती वहीतच होते, अंगठे घरी येऊन नेतात. यंदा अंगठा देऊ नकोस, स्वतः जा. काकूला आणि शेजारणींना ने. वनहक्क समितीत एक तृतीयांश तरी बायका लागतात. “समितीतल्या नावांची यादी वाचून दाखवा,” एवढंच म्हण. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखाली पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते, ते नंतर बघू. आधी यादी.

मी दोन पोरींना घेऊन येतेय. त्यांना तुझ्या शेजारी बसायचंय.

बाबा, त्या दिवशी चूल तुमच्याकडे. नागलीची भाकरी जमली नाही तर भात टाका, आम्ही नावं ठेवणार नाही.

तुमची,
धाकटी