इंजिन बदलताना नुसती हॉर्सपॉवर पाहू नका

संपादक महोदय,

रोजच्या गाडीत दमदार इंजिन बसवू पाहणारे आधी हॉर्सपॉवर विचारतात. शहरात गाडी चालते १,५०० ते ३,००० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे). खरा प्रश्न तिथल्या टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा. वापरलेले इंजिन घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, तपासा. सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर स्वस्त मिळाले तरी सोडा. क्लचप्लेट आणि क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑइल सील इंजिन बसवण्याआधीच बदला, नाहीतर तीनशे-चारशेच्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जुना रेडिएटर अपुरा पडला की ट्रॅफिकमध्ये इंजिन तापून हेडगॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधले सील) जाते. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), वायरिंग, चावी त्याच इंजिनाची घ्या. नाहीतर चोरी रोखणारा इमोबिलायझर गाडी सुरूच होऊ देत नाही. आणि आरटीओ! मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आरसीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. इंजिन क्रमांक आरसीशी जुळला नाही, तर विम्याचा दावाही अडकतो.

— एक वाचक, पुणे