भरिताचे जळण

मा. संपादक,

नवरात्र संपले की शनिवार-रविवारी शेतोशेती भरीत पार्ट्या सुरू होतात. भरीत बिघडते ते बहुधा जळणामुळे. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, पण यंदाची कपाशी अजून उभी असते. तिच्या ओल्या काड्या नुसत्या धुमसतात, वांगे बाहेरून काळे आणि आत कच्चे राहते. गेल्या वर्षीची वाळलेली पऱ्हाटीच (कपाशीच्या काड्या) हवी.

आकाराच्या मानाने हलके वांगे घ्यावे, जड असले तर बिया जास्त. टोचे मारावेत, नाहीतर फुटते. सोलून बडगीत (लाकडी उखळीत) ठेचावे; मिक्सरमध्ये लगदा होतो. (२०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या वांग्याचा असा अपमान कशाला?) मिरची-लसूण तेलात परतून त्यात भरीत, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालावेत. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी.

निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतावे.

— एक वाचक, जळगाव