बेशुद्ध रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचे साहित्य व प्रशिक्षण यांसाठी आवाहन

शिवाजी पेठेतील आमच्या तालीम मंडळातर्फे कोल्हापूर शहर व परिसरातील नागरिकांना, सर्व मंडळांना आणि वैद्यकीय व्यावसायिकांना सस्नेह नमस्कार.

मंडळाची रुग्णवाहिका आजवर प्रामुख्याने रुग्णांची ने-आण करीत आली आहे. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की मात्र तिला रात्री-अपरात्री वेगळे बोलावणे येते. गगनबावडा किंवा राधानगरी रस्त्यावर, मागे दिवा नाही आणि रिफ्लेक्टरही नाही अशा उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते आणि डोक्याला मार लागलेला माणूस बेशुद्ध पडतो. अशा वेळी पहिला फोन १०८ लाच करावा, कारण त्या सेवेच्या गाडीत डॉक्टर असतात, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. पण ती गाडी पोहोचेपर्यंतची, किंवा आमचीच गाडी जवळ असल्यास छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय गाठेपर्यंतची मिनिटे आमच्या कार्यकर्त्यांच्या हाती असतात, आणि त्या मिनिटांसाठी हे आवाहन आहे.

गाढ बेशुद्धीत जबड्याचे व जिभेचे स्नायू सैल पडतात. रुग्ण उताणा असेल तर जीभ मागे सरकून घशाची वाट अडवते. अपघाताच्या जागी पुष्कळदा घोरल्यासारखा आवाज येतो आणि जमलेली माणसे ‘झोप लागली, बरे आहे’ असे म्हणतात. वास्तविक तो वाट अर्धवट बंद झाल्याचा आवाज असतो. वाट पूर्ण बंद झाली तर आवाजही थांबतो, आणि प्राणवायूवाचून मेंदूला चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. या वेळी कांदा हुंगवणे आणि तोंडात पाणी ओतणे हे दोन्ही प्रकार आपल्याकडे अजून सर्रास चालतात. त्यांतला दुसरा तर जिवावर बेतणारा आहे, कारण ते पाणी थेट श्वासनलिकेत जाऊ शकते.

वाट मोकळी करण्याचा पहिला उपाय हातांचाच आहे : कपाळ मागे करून हनुवटी वर उचलणे, किंवा मानेला इजा झाल्याची शंका असल्यास मान न हलवता जबडा पुढे ढकलणे. मिळालेली वाट टिकवून धरण्यासाठी तोंडातून घालायचा वाकडा, पोकळ प्लास्टिकचा एअरवे वापरतात. अमेरिकन भूलतज्ज्ञ आर्थर गुडेल यांनी १९३३ मध्ये मांडलेली ही रचना आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि भूल देण्याच्या प्रत्येक खोलीत असते. प्रौढांसाठी साधारण ८०, ९० आणि १०० मिलिमीटर लांबीचे एअरवे लागतात, मुलांसाठी त्याहून लहान. माप रुग्णाच्या गालावरच घेतात : एअरवेचे चपटे टोक समोरच्या दातांपाशी धरले असता दुसरे टोक जबड्याच्या कोनापर्यंत पोहोचले पाहिजे. आखूड पडला तर तो जिभेलाच मागे रेटतो, लांब झाला तर स्वरयंत्राचे झाकण दाबून वाट बंद करतो. प्रौढांमध्ये तो उलटा घालून टाळूपर्यंत गेल्यावर अर्धा फिरवतात. लहान मुलांची तोंडातली टाळू नाजूक असल्याने त्यांच्यात तसे न फिरवता जीभ दाबून सरळ घालतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो कोणाला घालायचा नाही हे कळणे. ज्या रुग्णाला ओकारीची प्रतिक्रिया शाबूत आहे, म्हणजे घशाला स्पर्श होताच ज्याला उमासा येतो, त्याला एअरवे घातला तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती असते. फिट आलेल्या माणसाची दातखीळ बसलेली असताना एअरवे काय किंवा चमचा काय, काहीच कोंबायचे नसते. शिवाय एअरवे आत गेला म्हणून काम संपत नाही. छाती हलते का, नाकातोंडाशी हवा लागते का हे पाहत राहावे लागते, तोंडातील रक्त-लाळ सक्शनने, म्हणजे ओढून घेणाऱ्या उपकरणाने, काढावी लागते, आणि रुग्ण खोकू लागला तर एअरवे लगेच काढून घ्यावा लागतो.

आता पैशांविषयी. एक एअरवे शंभर रुपयांच्या आत मिळतो, त्यामुळे एअरवेचे खोके भरून पाठवू नयेत, अशी नम्र विनंती आहे. आमची खरी नड पुढची आहे. सरावासाठी तोंड-घसा असलेला पुतळा, हाताने किंवा पायाने चालणारे सक्शन, आणि मोठ्यांच्या व मुलांच्या मापाच्या श्वास देण्याच्या पिशव्या मुखवट्यांसह हव्या आहेत. पुतळा यांत सर्वांत महाग आहे आणि आमच्या मते सर्वांत गरजेचाही तोच आहे. जिवंत माणसाच्या तोंडात पहिला प्रयोग करण्याची वेळ कोणाही कार्यकर्त्यावर येऊ नये. गणेशोत्सवातील साउंड सिस्टीमचा खर्च कमी करून त्यातून वाचलेली वर्गणी मंडळाने या कामासाठी वेगळी ठेवली आहे, पण ती पुरेशी नाही.

पैशांइतकीच गरज शिकवणाऱ्यांची आहे. शहरातील भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागातील परिचारिका यांनी महिन्यातून एखादा रविवार द्यावा, अशी विनंती आहे. एकदा शिकून वर्षभर हात न लावलेले कसब विसरते, म्हणून दर तीन महिन्यांनी उजळणी ठेवण्याचा विचार आहे, आणि त्या डॉक्टरांनी योग्य ठरवलेल्या कार्यकर्त्यालाच गाडीवर एअरवे वापरण्याची मुभा राहील. जखमीला मदत केल्यास पोलीस-कोर्टाचे झेंगट मागे लागेल, या भीतीने मागे राहणाऱ्यांसाठी एवढे सांगतो की, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

देणगी मंडळाच्या नावे धनादेशाने किंवा तालमीच्या कार्यालयात संध्याकाळी रोख देऊन पावती घ्यावी. जमाखर्च दर महिन्याला तालमीच्या फलकावर लावला जाईल. देणगीदारांचे फ्लेक्स लावले जाणार नाहीत. तो खर्चही याच कामी येईल. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी पहिल्या तुकडीचा सराव पूर्ण करावयाचा असल्याने, देणगी व प्रशिक्षणासाठीची नावे दसऱ्यापर्यंत कळवावीत.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ व रुग्णवाहिका समिती,
शिवाजी पेठ, कोल्हापूर