कारणाचा रकाना

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

काराकाशच्या यादीची तू मराठीत करून पाठवलेली पानं वाचली. चीनच्या शिनजियांगमधल्या एका तालुक्याची सरकारी यादी, मूळ 137 पानं, 311 उईगर मुसलमान माणसांची माहिती. चौतीस वर्षं तलाठी होतो गं, दप्तर मला कळतं. नाव, घरची माणसं, कोण नमाज पढतं, कैदेच्या छावणीत का नेलं, सोडायचं की नाही. कारणाच्या रकान्यात काय, तर दाढी राखली. चेहरा झाकला. पासपोर्टसाठी अर्ज केला. मुलं जास्त झाली. माझ्यासारख्याच कुणीतरी बसून ते रकाने भरले असतील, या विचारानं रात्रभर डोळा लागला नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट 2022 मध्ये लिहून दिलं की तिथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असू शकतात. ऑक्टोबरात जिनिव्हात, त्यांच्या मानवाधिकार परिषदेत, त्यावर नुसती चर्चा घ्यायची म्हटली, तर 17 विरुद्ध 19 मतांनी ठराव पडला. आपला देश तटस्थ राहिला. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

तुझं काम या माणसांच्या नोंदी ठेवायचं, तुझ्या हातात उरते ती नोंदच. गारपिटीच्या वर्षी मी दयेपोटी दोन घरांचं नुकसान वाढवून लिहिलं होतं, तुला कधी सांगितलं नाही. तपासणीत ते उघडं पडलं आणि अख्ख्या गावाचे पंचनामे परत आले. ज्यांचा कापूस खरोखर झोपला होता त्यांचे पैसे आठ महिने अडकले. म्हणून उपग्रहाच्या फोटोत छावणीची भिंत दिसली तर भिंतच लिही. आत माणसं किती, ते दुसरा कागद जुळल्याशिवाय लिहू नकोस. चीन ‘खोटं आहे’ म्हणायला टपलेलाच आहे.

त्या उईगर बाई, राहिले दावूत, त्यांचं तू सांगितलंस ते मनातून जात नाही. दर्ग्यांच्या आणि लोककथांच्या अभ्यासक. डिसेंबर 2017 मध्ये बीजिंगला जाते म्हणून निघाल्या त्या बेपत्ताच झाल्या. जन्मठेप झाल्याचं जगाला नक्की कळलं 2023 मध्ये. लेक अमेरिकेत आईसाठी दारोदार बोलतेय. तिच्या जागी मला तूच दिसतेस.

त्यांची नोंद तुझ्याकडे आलीय म्हणालीस. रडत भरलीस तरी चालेल, तारखा मात्र दोनदा ताडून पाहा.

तुझे बाबा