बीपी उतरल्यावरही माझी फाईल बंद न करणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तुमच्या हाताखालून रोज किती बाळंतिणी जातात, त्यात मी तुम्हाला आठवत असेन असं काही नाही. पण मला तुम्ही चांगल्याच आठवता आणि हे पत्र बरेच दिवस मनात होतं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते कितीतरी जणींना कोणी सांगितलेलंच नसतं, तर तुम्हाला थँक्यू म्हणता म्हणता तेही लिहून टाकते.

माझी केस थोडक्यात सांगते. दिवस भरायच्या बरंच आधी बीपी वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, प्रीएक्लॅम्प्सिया आहे म्हणाले आणि सिझर करून बाळाला लवकर बाहेर काढावं लागलं. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, मी वॉर्डात. येणारा जाणारा प्रत्येक जण बाळाचं विचारायचा, साहजिकच आहे, माझ्याही डोक्यात दुसरं काही नव्हतंच. आधी माझ्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचं आणि मगच बाळाचं विचारायचं, असं करणाऱ्या तुम्ही एकट्याच.

वार (प्लॅसेंटा) पडली की हा आजार संपतो, असंच मला सगळे सांगत होते. तुम्ही ते खोडून काढलं नाहीत पण पुढचं सांगितलंत, की मूळ गेलं हे खरं, तरी बीपी लगेच उतरेलच असं नाही, उलट डिलिव्हरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात ते सगळ्यात वर जाऊ शकतं आणि नेमकी तेव्हाच बाई डिस्चार्ज घेऊन घरी गेलेली असते. हे ऐकून माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी बीपीचं मशीन आणलं. ते कसं लावायचं हे तुम्ही आम्हाला दोघांना बसवून शिकवलंत, आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पट्टा बाहीवरून नाही तर उघड्या दंडावर, हात हृदयाच्या लेव्हलला आणि मोजताना बोलायचं नाही. पट्टा दंडाच्या मापाचाच हवा, लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो, हे तर मला कुठल्या दुकानदाराने पण सांगितलं नसतं.

आणि मग नवऱ्याला आणि आईला समोर उभं करून तुम्ही जे बजावलंत ना, त्याचे सगळ्यात जास्त उपकार आहेत. बाळंतीण स्वतःच्या दुखण्याकडे बघत नाही, तिला वाटतं जागरणाने डोकं दुखतंय, म्हणून लक्ष तुम्ही ठेवायचं. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढे ठिपके किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, दम लागणं, एकदम वाढलेली सूज, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. बीपी १६०/११० किंवा त्याच्या वर गेलं तर काही त्रास होत नसला तरी लगेच निघायचं. आणि इमर्जन्सीत पोचल्यावर तोंडातून पहिलं वाक्य निघालं पाहिजे की हिची नुकतीच डिलिव्हरी झालीय, कारण समोरच्याला बघून ते कळत नाही आणि त्या एका वाक्याने सगळी ट्रीटमेंट बदलते. डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं, आणि जिचं गरोदरपणात बीपी एकदाही वाढलं नव्हतं तिलाही होऊ शकतं, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

घरी गेल्यावर माझं बीपी वाढलंच. डोकं ठणकत होतं, आकडा बघून नवऱ्याने मला गाडीत घातलं, तिथे तुमचं वाक्य जसंच्या तसं बोलला, दूध पाजताना चालणारी गोळी सुरू झाली आणि दोन जीव सुखरूप घरी आले. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला कळेल.

माझ्यासाठी खरी मोठी गोष्ट त्यानंतर घडली, फॉलोअपला. बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद झाली, घरचे खूश, मीही खूश, आता हा विषय संपला म्हणून मी पर्स उचलली आणि तुम्ही म्हणालात बसा जरा, बीपीचा विषय संपला, हृदयाचा आता सुरू होतो. मी घाबरले. पण तुम्ही इतक्या सावकाश समजावलंत की भीती राहिली नाही, समज राहिली. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, हृदयाला तेवढं जास्त पंप करावं लागतं, म्हणजे शरीर महिनोन्‌महिने एका ट्रेडमिल टेस्टवरच असतं. त्या टेस्टमध्ये ज्या बाईचं बीपी किंवा शुगर वाढते, तिच्या रक्तवाहिन्यांनी आधीच एक इशारा दिलेला असतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर या आजाराचा परिणाम होतो, काही जणींमध्ये तो कमकुवतपणा आधीपासून असतो आणि गरोदरपण तो उघड करतं, काही जणींमध्ये या आजाराचीही भर पडते, बहुतेक दोन्ही थोडं थोडं.

आकडेही तुम्ही लपवले नाहीत. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे कायमचं बीपी मागे लागण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा तीन ते चार पट, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि स्ट्रोक यांची साधारण दुप्पट, हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदयाची पंप करायची ताकद कमी पडण्याची, चारपट. आणि लगेच हेही म्हणालात की दुप्पट म्हणजे होणारच असं नाही, तरुण वयात मुळात धोका कमी असतो त्याची ही दुप्पट आहे, पण ती वर्षांनुवर्षं सोबत राहते म्हणून लक्ष ठेवायचं. असं सरळ, आकड्यासकट आणि धीर देऊन बोलणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

नंतर मी स्वतः वाचायला लागले तेव्हा कळलं की अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ सालीच बायकांच्या हृदयविकाराच्या गाईडलाईन्समध्ये प्रीएक्लॅम्प्सिया, गरोदरपणातलं बीपी आणि गरोदरपणातला डायबेटिस हे धोक्याच्या यादीत घातलेत. म्हणजे सिगरेट, कोलेस्टेरॉल, घरातला हार्ट अटॅकचा इतिहास विचारतात तसंच गरोदरपण कसं गेलं हेही विचारायला हवं. आणि तरी मला अजूनपर्यंत भेटलेल्या डॉक्टरांपैकी फार थोड्यांनी ते आपणहून विचारलंय. मला याचं मनापासून वाईट वाटतं, माझ्यासाठी नाही, माझ्याकडे तुमचा कागद आहे, ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी.

तो कागद! तुम्ही माझ्याकडूनच लिहून घेतलात. कोणता त्रास झाला, कितव्या आठवड्यात डिलिव्हरी, सगळ्यात जास्त बीपी किती गेलं, बाळाचं वजन, कोणत्या गोळ्या, कधी बंद झाल्या. फाईलच्या पहिल्या पानावर लावायचा आणि पुढे कुठल्याही आजारासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी आधी तो पुढे करायचा. खाली तुम्ही लाल पेनाने लिहिलंत, दरवर्षी बीपी, शुगर आणि वजन, कोलेस्टेरॉल डॉक्टर सांगतील तसं. मी ते पाळलं, बाळ आजारी असो, ऑफिसचा गोंधळ असो.

शेजारच्या बेडवरच्या ताईंना शुगर होती, बीपी नव्हतं, त्यांना वाटत होतं हे सगळं माझ्यापुरतंच आहे. त्यांनाही तुम्ही सोडलं नाहीत. डिलिव्हरीनंतर चार ते बारा आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट करायची, नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी परत करत राहायची, कारण गरोदरपणातली शुगर तेव्हा गेली तरी पुढे टाईप टू डायबेटिस होण्याचा धोका कित्येक पट जास्त असतो आणि हृदयाचाही वाढतो. दिवस भरायच्या आधी झालेली डिलिव्हरी, पोटात बाळाची वाढ कमी होणं, वार आधीच सुटणं, यानेही पुढे हृदयाचा धोका वाढतो. आणि ज्यांचं बाळ पोटातच गेलं त्यांचंही नाव तुम्ही हळूच घेतलंत. अशा बाईसमोर तो विषय कोणी काढत नाही, फॉलोअपला बाळंतिणींच्या रांगेत बसणं तिला सोसवत नाही म्हणून ती येतच नाही, आणि मग तिच्या हृदयाकडे बघणारं कोणी उरत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात अशी कोणी असेल तर तिच्या सोबत जा, दुसऱ्या डॉक्टरकडे न्या, पण चेकअप करून घ्या.

अजून एका गोष्टीसाठी थँक्यू. बाळाला पाजणं आईच्या हृदयालाही चांगलं असं अभ्यासांमध्ये दिसलंय, ते तुम्ही सांगितलंत, पण माझं दूध नीट येत नव्हतं तेव्हा तुम्ही तो मुद्दा एकदाही रेटला नाहीत. चाला, मीठ कमी करा, वजन हळूहळू उतरवा, झोप मिळेल तेव्हा घ्या आणि घरच्यांनो तिला ती मिळू द्या, एवढंच. आणि आडवं झालं की दम लागणं, रात्री उठून बसावं लागणं, पायांची सूज वाढत जाणं, हे जागरणाने होत नाही, हृदयाचा स्नायू कमजोर झाल्याने असू शकतं, डिलिव्हरीनंतर पाच महिन्यांपर्यंत यावर नजर ठेवा, हे तुम्ही दाराशी आल्यावर परत एकदा बोललात.

आता मुख्य बातमी, ज्यासाठी हे पत्र. मागच्या वर्षीच्या चेकअपमध्ये माझं बीपी परत वाढलेलं निघालं. मला काहीही त्रास नव्हता, डोकं नाही, चक्कर नाही, त्या एका कागदाशिवाय मी दवाखान्यात गेलेच नसते. फिजिशियननी तो कागद वाचला, घरी मोजलेले आकडे मागितले, ईसीजी आणि किडनीच्या टेस्ट केल्या, आणि म्हणाले अगदी वेळेवर सापडलं, कशावरही परिणाम झालेला नाही. दुसऱ्या बाळाचा विचार आहे का हेही विचारलं, कारण बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत आणि विचार असेल तर गोळी आधीच बदलावी लागते. तुम्ही हे तेव्हाच सांगून ठेवलं होतं, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की लवकर या, बाराव्या आठवड्याच्या सुमाराला डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात, स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, हेसुद्धा. आम्ही सध्या विचारच करतोय, ठरलं तर पहिला फोन तुम्हालाच.

आता बीपी कंट्रोलमध्ये आहे. तुमचा कागद मी माझ्या जावेला उतरवून दिला, तिला शुगर होती, आणि ऑफिसमधल्या दोघींना. त्यातल्या एकीची मुलं आता कॉलेजला आहेत, तिला वाटलं एवढ्या वर्षांनी काय उपयोग, मी म्हटलं उलट आताच जास्त उपयोग, आणि ती जाऊन सगळं तपासून आली.

सिस्टर, तुमच्या ड्युटीत हे सगळं सांगायला वेगळा वेळ कोणी दिलेला नव्हता, मी बघितलंय तुम्ही जेवण सोडून बसला होतात. पुढच्या चेकअपचा रिपोर्ट आला की वॉर्डात घेऊन येते, लेकीलाही आणते, जिच्या वजनाची तुम्ही रोज चौकशी करायचात ती आता जागेवर बसत नाही.

तुमची,
कागद सांभाळून ठेवलेली पेशंट