दोरी बांधून शिकवणाऱ्या दादाला

प्रिय दादा,

समोर बसून बोललो असतो तर तू विषय बदलला असतास, म्हणून चारचौघांत लिहितोय.

आपल्या आइस हॉकीच्या संघात तू फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारा. गोलरक्षकाला शिकवणं तुझं काम नव्हतंच. पण कोपऱ्यातून, जवळजवळ गोललाइनवरून आलेल्या पकवर (बर्फावर घसरणाऱ्या रबरी चकतीवर) मी एकाच सामन्यात दोन गोल खाल्ले, बाकीचे ‘तिथून गोल जातोच कसा?’ म्हणत स्केट्स काढायला गेले, आणि तू एकटा बर्फावर थांबलास. गोलच्या दोन्ही पोस्टना (खांबांना) दोरी बांधून तिची टोकं पकपाशी आणलीस आणि म्हणालास, ‘आडवा हो. पकच्या जागेवरून बघ.’

बर्फाला गाल टेकवून बघितलं. गोल ६ फूट रुंद, पण गोललाइनशी १५ अंशांचा कोन असेल तर पकला त्यातला जेमतेम दीड फूट दिसतो. माझ्या पायावरचा एक पॅड ११ इंच रुंद! म्हणजे पोस्टला चिकटून नुसता उभा राहिलो तरी अर्ध्याहून जास्त फट बुजते. इतके दिवस ज्या फटीला घाबरून मी धडाधड खाली बसत होतो, ती एवढीशी. खरं सांगू? तेव्हा हायसं वाटण्याआधी स्वतःचाच राग आला होता.

मग तू माझी खरी खोड पकडलीस. पक कोपऱ्यात गेला रे गेला की मी आरव्हीएचमध्ये, म्हणजे पोस्टला टेकून खाली बसायच्या पवित्र्यात, जायचो: पोस्टकडचा पॅड बर्फावर आडवा, दुसरा गुडघा वर, त्या पायाच्या स्केटची कड बर्फात रोवून अंग पोस्टवर रेटलेलं. करायला सोपं, दिसायलाही ऐटदार. तू म्हणालास, ‘मी त्याचीच वाट बघत असतो. तू बसलास की खांद्यावरचा कोपरा मोकळा. बसला नाहीस तर मला मारायला जागाच कुठाय?’ हे मला कुठल्याही गोलरक्षकाने सांगितलं नव्हतं, कारण ते पकच्या या बाजूला उभे राहणारे.

तेव्हापासून पक गोललाइनपासून जरा वर, मैदानाच्या मधल्या बाजूला असेल तर मी पायांवरच थांबतो. स्केट पोस्टला, छाती पककडे; तुझ्याकडे नाही, कारण पक तुझ्यापासून हातभर लांब, स्टिकच्या पात्यावर असतो. पक अगदी खाली, गोललाइनशी जाळ्याजवळ आला किंवा मागे गेला, की मग बसायचं. तेव्हाही डोकं ताठ आणि खांदा पोस्टला घट्ट. मधोमध जाणारा पास अडवायला स्टिकचं पातं बर्फावर हवं, कारण तिथून तुम्ही लोक गोल मारायला कमी आणि पास द्यायलाच जास्त बघता.

सरावानंतर तू किती पक मारलेस ते मोजलं नाही. थंडीने तुझी बोटं आखडायची, तरी ‘अजून पाच’ म्हणायचास आणि दहा मारायचास. त्या प्रत्येक पकबद्दल आभार.

परवाचा गोल मात्र माझ्या माथी मारू नकोस. जाळ्यामागून मारलेला पक माझ्याच स्केटच्या टाचेला लागून आत गेला, आणि बाकावर सगळ्यात मोठ्याने तूच हसलास. टाच पोस्टच्या आत राहते माझी, कळलंय. ब्लॉकरच्या (स्टिक धरणाऱ्या हातावरच्या ढालीसारख्या ग्लोव्हच्या) बाजूला तर जास्तच. पुढच्या सरावाला तिथूनच मार. दोरी मी आणतो.

तुझा,
गोलमधला