नाताळला ये, पण फेरीनेच ये

मनोरी,
१० डिसेंबर

बाळा,

फोनवर तू म्हणालास, चोवीसला दुपारची ड्युटी संपली की पुण्याहून बाईकनेच निघतो. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्याला दोन रात्री झाल्या, झोप नाही. शेजारच्या मावशीचा मुलगा पुण्याला येतोय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते.

मार्व्याच्या धक्क्यावर यायला तुला उशीर होणार, इकडे येणारी शेवटची फेरीबोट चुकणार. मग तू काय करशील ते मला ठाऊक आहे. भाईंदरवरून उत्तन, गोराई करत येशील. पाच मिनिटांची खाडी सोडून एवढा वळसा, तोही अंधारात. खाडीची भीती मला कधी वाटली नाही, त्या रस्त्याची वाटते. धाकट्या मामाचं काय झालं ते तुला सांगायला नको.

असो. हे लिहायचं नव्हतं, सणाचं लिहायचं होतं.

फुग्यांचं, आपल्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ या वेळी मीच फेटणार, आत्याचा खांदा धरलाय. ताडी मिळाली तर ताडी, नाहीतर यीस्ट. लहानपणी तू हट्टाने मुठीतून पीठ सोडायला बसायचास. फुगा एवढासा आणि त्याला ही लांब शेपूट. आजी म्हणायची, पोरगा उंदीर तळतोय. ते उंदीर ती स्वतःच्या ताटात घ्यायची, पाहुण्यांना चांगले फुगे. गव्हाणीसाठी नाचणी आज पेरली, चोवीसपर्यंत हिरवी होईल.

चर्चची नाताळची प्रार्थना, आपली मिस्सा, पूर्वीसारखी रात्री बाराची नाही, लक्षात आहे ना? रात्री दहानंतर भोंगा लावता येत नाही म्हणून अंगणातली मिस्सा आधीच करतात. डॅडींना अजून पटत नाही. म्हणतात, बाळ येशू काय पोलिसांना विचारून जन्मला? तर मिस्सा गाठायची म्हणून तू गाडी पळवशील, आणि तो रस्ता... मिस्सा चुकली तर चुकू दे. पंचविसाला सकाळी आहेच.

गेल्या वर्षीचं मनात ठेवू नकोस. होडी विकावी म्हणालास त्यात खोटं काही नव्हतं. जाळ्यात बोंबलापेक्षा प्लास्टिक जास्त येतं, ते डॅडींनाही दिसतं. पण सणाच्या जेवणावर, पाहुण्यांसमोर बापाला "तुम्हाला हिशेब कळत नाही" म्हणायचं? तुझी फी कुठल्या हिशेबातून गेली? वालांडीच्या बांबूंवर वाळवलेले बोंबील विकूनच ना? मोठ्यांशी कसं बोलावं हे तुला मी शिकवलं नाही का?

बघ, लागले पुन्हा. माफ कर. सव्वीसला तू पहिल्या फेरीने गेलास, तुझ्या वाटचं इंद्यालाचं मटण मी रात्रीपर्यंत झाकून ठेवलं होतं. राग त्याचाच आहे, दुसरा नाही.

तुझ्या पहिल्या पगारातून आणलेला नाताळचा तारा डॅडींनी १ तारखेलाच लावला. दोनदा वायर जळाली, तरी नवा आणू देत नाहीत. म्हणतात, पेटतोय ना? फेरीवर कोण भेटलं की "पोरगा पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात आहे" हे तिकीट काढायच्या आधी सांगून होतं. तुझ्यापाशी मात्र तोंड उघडणार नाहीत. तू आधी बोल. होडीचा विषय काढू नकोस. त्यांनी काढला तर ऐकून घे.

रजा वाढली तर ६ जानेवारीला गोराईला तीन राजांच्या सणाला जाऊ. नाही वाढली तरी चालेल.

सोबत सुके बोंबील आहेत, तीनदा प्लास्टिकात गुंडाळलेत, तरी वास येईल. बाटली मसाला उन्हाळ्यातलाच आहे, बिअरच्या बाटलीत. रूमवरच्या पोरांना आधीच सांग, नाहीतर भलतंच समजतील. बाटली उन्हात ठेवू नकोस.

ट्रेनने मालाडला ये, तिथून मार्व्याला बस आहे. गाडी राहू दे तिथेच. ऐक माझं.

तुझी,
आई

ता. क. बाईक आणशीलच, तर फेरीवर तिचं तिकीट वेगळं पडतं. सुट्टे पैसे ठेव.